चित्रे पाहावयास जाताना

एखाद्या किल्ल्यावर जावयाचे ठरले, म्हणजे आपण किती तयारी करतो! किल्ला कोणी बांधला, तेथे कोणती लढाई झाली, चढण किती आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळेल, या साऱ्याची चौकशी आधी होते. शिदोरी बांधली जाते. पायांतील वहाणा भक्कम आहेत ना, हेही पाहिले जाते. परंतु चित्रांचे संग्रहालय पाहावयास जावयाचे असले, म्हणजे मात्र आपण हात हलवीत निघतो. चित्रे भिंतीवर टांगलेली असतात आणि डोळे आपल्याजवळ असतात. मग तयारी ती कसली करावयाची, असे आपल्याला वाटते. या समजुतीने काय होते, याचा अनुभव मी एकदा घेतला आहे.

मी एका शाळेत शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल मी मुंबईस नेली होती. बरोबर चाळीस मुले होती. मुंबईस आलोच आहोत, तर काहीच राहू नये, अशा हव्यासाने मी एकाच दिवसात पाच ठिकाणे पाहावयाचे योजिले होते. गेटवे ऑफ इंडिया झाले, वस्तुसंग्रहालय झाले, समुद्रकिनारा झाला. सर्वांत शेवटी, मुले पुरती दमली असताना, आम्ही आधुनिक चित्रांच्या दालनात शिरलो. वीस मिनिटांत आम्ही बाहेरही पडलो! एका मोठ्या चित्रापुढे चार मुले हसत होती. "असे तर माझा धाकटा भाऊही काढील," असे त्यांतील एकजण म्हणाला. मी जवळ आलो, तेव्हा तोच मुलगा गंभीर चेहरा करून म्हणाला, "वा! फार सुंदर आहे, गुरुजी."

परतताना गाडीत मी विचारले, "आज पाहिलेल्या चित्रांपैकी कोणाला कोणते आठवते?" कोणास जिना आठवत होता, कोणास पहारेकऱ्याच्या मिशा आठवत होत्या. चित्र मात्र एकालाही आठवत नव्हते. त्या मुलाचे हसणे मला तितकेसे लागले नाही. पण मला बरे वाटावे म्हणून त्याने केलेली ती खोटी स्तुती फार लागली. दोष मुलांचा नव्हता, माझा होता. मी त्यांना दालनात नेले होते, पण चित्रापुढे उभे केले नव्हते.

पुढील वर्षी आम्ही पुन्हा गेलो, परंतु त्या वेळी आधी महिनाभर तयारी केली. ती कशी केली, हे येथे सांगतो. तुम्हांलाही केव्हातरी असा योग येईल, तेव्हा ते उपयोगी पडेल.

प्रथम, कोठे जावयाचे ते नीट जाणून घ्यावे. भारत सरकारचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सन १९५४ मध्ये दिल्ली येथे, जयपूर हाऊस या वास्तूत सुरू झाले. त्याचीच मुंबईतील शाखा सन १९९६ मध्ये उघडली. 'नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट' या नावानेही लोक तिला ओळखतात. काळा घोडा या भागात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोरच, सर कावसजी जहांगीर सभागृह नावाची एक जुनी दगडी इमारत आहे. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने तिची रचना केली व सन १९११ मध्ये ती बांधून झाली. समोरचे वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया या वास्तूही विटेट यांच्याच कल्पनेतून उतरलेल्या आहेत. या सभागृहात एके काळी मोठमोठ्या सभा भरत व गाण्या-बजावण्याचे कार्यक्रम होत. पुढे बाहेरचे रूप तसेच राखून आतील भाग चित्रांसाठी नव्याने बांधण्यात आला. आता तेथे एकावर एक अशी वळणदार दालने आहेत. एक जिना चढून गेलो, की दुसरे दालन लागते, आणि असे चढत चढत आपण शेवटी घुमटाखालच्या दालनात पोहोचतो.

इमारतीची ही माहिती आधी असली, म्हणजे मनात एक नकाशा तयार होतो. आमच्या मुलांनी तर फळ्यावर तो नकाशाच काढला होता. किती जिने चढावयाचे आहेत हे ठाऊक असल्यामुळे कोणी पहिल्याच दालनात दमून गेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चौकशी. हे संग्रहालय सोमवारी बंद असते. सहलीचा वार ठरविताना हे लक्षात न घेतल्यास दाराला हात लावून परत यावे लागेल. उघडण्याची वेळ, प्रवेशशुल्क आणि शाळांसाठी असलेली सवलत यांची विचारणा आधी पत्र पाठवून किंवा दूरध्वनी करून करावी. त्याहूनही महत्त्वाचा एक प्रश्न विचारावा : "त्या दिवसांत तेथे काय मांडलेले असेल?" संग्रहालयाच्या संग्रहात हजारो कलाकृती असतात, पण भिंती मोजक्याच असतात. म्हणून प्रदर्शने बदलत राहतात. आज एका चित्रकाराची चित्रे असतील, तर चार महिन्यांनी दुसऱ्याची असतील. पुस्तकात पाहिलेले एखादे चित्र तेथे असेलच, असे धरून जाणारा हिरमुसला होऊन परततो.

तिसरी तयारी मनाची. या चित्रांना 'आधुनिक' का म्हणतात, आणि त्यांतील कित्येक चित्रे कशासारखीच का दिसत नाहीत, हे थोडेसे समजून घ्यावे. फार पूर्वीपासून माणसाचे हुबेहूब रूप जपून ठेवण्याचे काम चित्रकाराकडे असे. राजाची मुद्रा, घरातील वडीलधाऱ्या माणसाची आठवण, दूरच्या नगराचे दर्शन, हे सारे त्यानेच काढून द्यावे. सन १८३९ मध्ये पॅरिस येथे छायाचित्रणाची रीत जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती जगभर पसरली. हुबेहूब रूप टिपण्याचे काम यंत्र करू लागले. मग चित्रकारांपुढे प्रश्न उभा राहिला : जे यंत्राला जमत नाही, असे आपल्याला काय करता येईल? वैशाखातील रस्त्याचे छायाचित्र घेतले, तर रस्ता दिसेल, झाड दिसेल. पण तो उकाडा नुसत्या रंगांतून दाखविता येईल काय? दुःख, शांतता, गोंगाट यांना रूप देता येईल काय? चित्रे बदलण्याचे हे एकच कारण नव्हे, पण ते एक मोठे कारण आहे.

आणि खरे पाहता, कशासारखीही नसलेली आकृती आपल्याला नवीन नाही. आजी पहाटे अंगणात रांगोळी काढते. ती पाहून, "आजी, हे कशाचे चित्र आहे?" असे आपण विचारीत नाही. ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, रेषा न थरथरता वळली आहे का, दोन रंग शेजारी कसे खुलतात, हेच आपण पाहतो. गवई आलाप घेतो, तेव्हा त्यात शब्द नसतात. तरी आपण माना डोलावतो. जे रांगोळीपुढे आणि आलापापुढे आपल्याला सहज जमते, ते चित्रापुढेच का जमू नये?

आपल्या देशातील नव्या चित्रकलेत मुंबईचा वाटा मोठा आहे. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा येथे सन १८५७ मध्ये स्थापन झाली. सन १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा कलावंतांनी मुंबईत एक मंडळी जमविली. तिला ते प्रागतिक कलावंतांचा गट म्हणत. या मंडळींत गोव्याचे सूझा होते. पंढरपुरास जन्मलेले हुसेन होते. तरुणपणी चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवून ते पोट भरीत. मोटारी पुसण्याचे काम केलेले आरा होते. यांतील कोणीही सुखवस्तू नव्हते, पण दुसऱ्याची नक्कल करावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता.

चौथी तयारी म्हणजे डोळ्यांचा सराव. आम्ही तो वर्गातच केला. त्यासाठी एका चित्राची छापील प्रत भिंतीवर लावली. चित्राचे नाव 'तीन मुली'. ते अमृता शेरगिल यांनी सन १९३५ मध्ये काढले. अमृता शेरगिल यांचा जन्म सन १९१३ मध्ये बुडापेस्ट येथे झाला. त्यांच्या आई हंगेरीच्या होत्या, वडील पंजाबचे. पॅरिसमध्ये शिकून त्या भारतात परतल्या आणि येथील साध्या माणसांची चित्रे काढू लागल्या. 'तीन मुली' या चित्राला सन १९३७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पुढे चारच वर्षांनी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. मूळ चित्र आज दिल्लीच्या संग्रहालयाच्या संग्रही आहे.

मी मुलांना सांगितले, "पाच मिनिटे कोणीही बोलावयाचे नाही. नुसते पाहावयाचे. नंतर काय दिसले, तेवढेच सांगावयाचे. काय वाटले ते मागाहून." पहिल्या मिनिटाला चुळबुळ झाली. दुसऱ्या मिनिटाला वर्ग शांत झाला. पाच मिनिटांनंतर हात वर होऊ लागले. "तिघी अगदी जवळ बसल्या आहेत." "पण कोणी कोणाकडे पाहत नाही." "कोणीच हसत नाही." "त्यांच्या मागे घर नाही, झाड नाही, काहीच नाही." मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्या कशाची तरी वाट पाहत आहेत, पण ते त्यांना नको आहे." हे तिला कोणी शिकविले नव्हते. ते तिला चित्रात दिसले होते, कारण ती पाच मिनिटे तेथे थांबली होती.

आता प्रत्यक्ष जाण्याच्या दिवसाविषयी. त्या दिवशी दुसरे काहीही पाहावयाचे ठेवू नये. शेजारीच सन १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे, समोर वस्तुसंग्रहालय आहे; मन तिकडे ओढ घेईल. पण ती दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावी. पोटभर जेवलेल्या माणसापुढे पुन्हा पान मांडले, तर त्याला पक्वान्नही गोड लागत नाही. डोळ्यांचेही तसेच आहे. आठ-आठ किंवा दहा-दहा मुलांचे गट करावेत. चाळीस मुले एका चित्रापुढे उभी राहिली, तर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. प्रत्येकाने जवळ एक लहान वही व शिसपेन्सिल ठेवावी. शाईची लेखणी नेऊ नये. तिचा एक थेंब उडाला तरी चित्राची कायमची हानी होऊ शकते.

संग्रहालयात काही नियम असतात. ते नुसते पाठ करू नयेत. त्यांचे कारण समजून घ्यावे, म्हणजे ते आपोआप पाळले जातात. चित्राला हात लावू नये, असे का सांगतात? आपल्या बोटांवर घाम असतो, तेल असते. एका स्पर्शाने काही दिसत नाही. परंतु रोज शेकडो बोटे लागली, तर रंग मळतो व झिजतो. शिवाय बहुतेक तैलचित्रे चौकटीवर ताणलेल्या कापडावर काढलेली असतात. बोटाने दाबले, की कापड आत जाते आणि वाळलेल्या रंगाला तडा जातो. प्रकाश मंद का ठेवतात? तीव्र प्रकाशाने रंग, विशेषतः कागदावरचे जलरंग, हळूहळू फिके पडतात. आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही. ओली छत्री आत का नेऊ देत नाहीत? दमट हवेने कागदाला व कापडाला बुरशी धरते, आणि मुंबईची हवा मुळातच दमट आहे. चित्र म्हणजे दगडाची भिंत नव्हे. ते तुमच्या नातवंडांनाही पाहता यावे, म्हणून ही सारी काळजी.

आत गेल्यावर प्रथम सर्व दालनांतून एक सावकाश फेरी मारावी. या फेरीत कोठेही फार थांबू नये. कोणते चित्र आपल्याला हाक मारते, ते फक्त पाहावे. ते आवडलेलेच असले पाहिजे, असे नाही. ज्याचा राग आला, ज्याचे हसू आले, तेही चालेल. अशी तीन चित्रे निवडावीत, तीनच! दुसऱ्या फेरीत त्या तिघांकडेच परत जावे व प्रत्येकापुढे निदान दहा मिनिटे थांबावे. आधी दुरून पाहावे, मग हात लागणार नाही इतक्या जवळ जावे, आणि पुन्हा दूर यावे. दुरून जो एकच रंग वाटला, तो जवळून पाच रंगांचा निघतो. माझी नजर प्रथम कोठे गेली? नंतर ती कोणत्या वाटेने फिरली? रंग पातळ लावला आहे की जाड? कुंचला कोणत्या दिशेने फिरला असेल? असे प्रश्न स्वतःला विचारावेत. जवळची लहान पाटी सर्वांत शेवटी वाचावी. तिच्यावर चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, वर्ष, आणि ते कशावर व कोणत्या रंगांनी काढले, एवढे लिहिलेले असते. पाटी आधी वाचली, तर आपले डोळे काम करावयाचे थांबतात आणि तिने सांगितलेलेच पाहू लागतात.

एका चित्रापुढे दहा मिनिटे, हे तुम्हांला फार वाटते काय? मग दोन चित्रकारांविषयी ऐका. वासुदेव गायतोंडे हे सन १९२४ मध्ये नागपूर येथे जन्मलेले मोठे चित्रकार. त्यांच्या पुढील काळातील चित्रांत माणूस नाही, घर नाही. आहेत ते एकावर एक चढविलेले रंगांचे थर. कुंचल्याऐवजी ते पुष्कळदा रूळ किंवा रंगाची बोथट सुरी वापरीत. चित्र सुरू करण्यापूर्वी ते दीर्घकाळ विचार करीत, आणि वर्षाकाठी त्यांच्या हातून मोजकीच चित्रे पूर्ण होत. ज्या कामाला इतका काळ लागला, त्याला आपण एका नजरेत कसे पाहणार?

दुसरे चित्रकार सैयद हैदर रझा. त्यांचा जन्म सन १९२२ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातील एका खेड्यात झाला. लहानपणी शाळेत त्यांचे चित्त मुळीच ठरत नसे. एके दिवशी त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसावयास सांगितले. तो ठिपका रझा विसरले नाहीत. पुढे ते मुंबईस शिकले, सन १९५० मध्ये फ्रान्सला गेले, तेथे कित्येक वर्षे राहिले. उतारवयात त्यांच्या चित्रांत एक मोठा काळा बिंदू पुन्हा पुन्हा येऊ लागला, आणि त्या बिंदूमुळेच ते जगाला ठाऊक झाले. चंचल मुलाला शांत करण्यासाठी काढलेला ठिपका त्याला आयुष्यभर पुरला!

आमच्या दुसऱ्या सहलीत, तीच मागच्या बाकावरची मुलगी एका करड्या-निळ्या रंगाच्या चित्रापुढे बसली होती. गट पुढे गेला तरी ती उठली नाही. मी जवळ गेलो व विचारले, "आवडले का चित्र?" ती थोडा वेळ घुटमळली आणि म्हणाली, "गुरुजी, खरे सांगू? मला हे चित्र समजले नाही. पण मला ते अजून पाहावयाचे आहे." मागील वर्षीच्या "वा, फार सुंदर" या उद्गारापेक्षा मला हे उत्तर शतपटीने मोलाचे वाटले. न समजणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. समजल्याचे सोंग करणे आणि न पाहताच हसणे, या दोहोंपासून मात्र जपले पाहिजे. कारण दोहोंतही आपले डोळे बंदच असतात. नीट पाहून झाल्यावर, "मला हे आवडले नाही," असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

परतल्यावर काम संपत नाही. त्याच रात्री वहीत आपल्या तीन चित्रांविषयी पाच-पाच ओळी लिहाव्यात. स्मरणाने त्यांची रेखाटनेही काढावीत. रेखाटन वेडेवाकडे आले तरी हरकत नाही. काढताना जेथे हात अडतो, तेथे आपण नीट पाहिले नव्हते, हे कळते.

तुमच्यापैकी कित्येकांना मुंबई दूर पडेल. सातारा जिल्ह्यातील औंध येथे श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमविलेली चित्रे व मूर्ती तेथे आहेत. हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराचे आई व मूल यांचे एक लहानसे शिल्पही तेथे पाहावयास मिळते. आणि तेही दूर असेल, तर उद्या पहाटे अंगणातील रांगोळीपुढे दहा मिनिटे उभे राहा. ठिपके मोजा, रेषेमागून नजर फिरवा, आजीचा हात कोठे थांबला असेल ते शोधा. सहलीची पहिली तयारी तेथूनच सुरू होते.